औंढ्याला गेलात तर देवळाच्या मागे जा

हिंगोली जिल्ह्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हापासून औंढा नागनाथाला माझं सारखं जाणं होतं. कधी शाळेची सहल असते, कधी घरातली थोरली मंडळी बरोबर असतात, तर कधी पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे. पाहुण्यांना बहुतेक परतीची घाई असते. रांग, दर्शन, प्रसाद, मोबाईलवर एक फोटो, की लगेच गाडीत. एवढ्या लांब येऊन, १३व्या शतकातलं एवढं देऊळ समोर असताना, ही माणसं ते न पाहताच जातात याचं मला वाईट वाटतं. म्हणून दर पाहुण्याला तोंडी जे सांगत आले, ते आता लिहून ठेवते आहे.

१. रांगेत लागण्याआधी बाहेरून एक फेरी मारा.

बाराही महिने गर्दी असते, त्यामुळे चप्पल काढली की पाय आपोआप रांगेकडे वळतात. ते आवरा. तटाच्या आत आलात की आधी देवळाच्या भिंतीला धरून चालायला लागा.

थोडं चाललात की लक्षात येईल, ही भिंत सरळ जातच नाही. कोन बाहेर येतो, आत जातो, पुन्हा बाहेर येतो. चांदणीच्या आकाराचा हा तलविन्यास यादवकाळातल्या स्थपतींच्या फार आवडीचा. त्याचा उपयोग तिथे उभं राहिल्यावर कळतो. प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं, म्हणून दिवसाच्या कुठल्याही वेळी भिंतीचा काही भाग उजळलेला आणि काही सावलीत असतो. मूर्तींचे चेहरे त्यामुळे उठून दिसतात. सकाळी ऊन तिरपं असताना गेलात तर उत्तम. दुपारी बारा वाजता तोच दगड सपाट, निर्जीव वाटतो.

दगड आपल्याच मातीतला आहे. जवळजवळ सगळ्या मराठवाड्याखाली पसरलेला काळा कातळ. तो मऊ नाही. त्यात नाक, ओठ, बांगडी, पैंजण कोरणं म्हणजे छिन्नी दर थोड्या वेळाने धार लावायला द्यायची. आणि एवढे मोठे दगड एकमेकांवर बसवताना मध्ये चुना नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारा उंचवटा, आणि वरचा भार खालच्याला जागेवर धरून ठेवतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावाने ही पद्धत महाराष्ट्रात ओळखली जाते. खरं तर त्याच्या जन्माच्या आधीपासून अशी देवळं बांधली जात होती. पण गावोगावचं प्रत्येक काळं दगडी देऊळ आपण त्याच्या नावावर लावून मोकळे होतो.

मुलांना मी सांगते, भिंत खालून वर वाचत चला. खाली जमिनीलगत हत्तींच्या रांगा. त्यांच्या वर घोडे, माणसं, लढणारे. त्याच्या वर देवदेवता आणि सुरसुंदऱ्या. म्हणजे सगळ्यात वरचे देव ज्यांच्या पाठीवर उभे आहेत ते जनावर आणि माणूस. हा क्रम एकदा डोळ्यात बसला की मुलं दुसऱ्या कुठल्याही जुन्या देवळात गेली तरी आपणहून तळाशी बसून हत्ती शोधायला लागतात.

आणि मग मान वर करा. अमुक उंचीनंतर काळा दगड संपतो, पांढरं शिखर सुरू होतं. एका पोराने मला विचारलं होतं, “बाई, देवळावर दुसरं देऊळ काऊन ठेवलं?” प्रश्न अगदी बरोबर होता. मूळ देवळाचा वरचा भाग राहिला नाही. १८व्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केला, तेव्हाचं हे विटा-चुन्याचं काम. काशी, सोमनाथ, वेरूळचं घृष्णेश्वर इथेही त्यांनीच पडलेलं उभं केलं. औंढ्याला हे दोन काळ एकाच इमारतीत, एकमेकांना चिकटून दिसतात. जुन्याची नक्कल करण्याचा आव अहिल्यादेवींच्या कारागिरांनी आणला नाही. आपल्या काळाला जे येत होतं ते त्यांनी सरळ बांधलं. मला ते फार प्रामाणिक वाटतं.

२. खाली उतरताना हात मोकळे ठेवा.

डोंगरातलं देऊळ म्हटलं की आपल्या मनात चढण येते. जेजुरी, वणीची सप्तशृंगी, आमच्याकडे माहूर. जगभर असंच आहे. चीनमध्ये ताइशान नावाचा पवित्र डोंगर आहे, त्यावर लोक हजारो पायऱ्या चढून जातात. त्याच देशात शान्शी प्रांतात तर उभ्या कड्याला लाकडी वाशांवर टांगलेलं एक मंदिर आहे, ५व्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं, बुद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियस अशा तिन्ही परंपरांना एका छपराखाली घेणारं. देव उंचावर, माणूस खालून धापा टाकत वर, अशी ही सगळीकडची रीत.

औंढ्याला देव खाली आहे. सभामंडपातून आत गेलात की जमिनीतच एक चौकोनी उतार लागतो. अरुंद, उंच पायऱ्या. त्या उतरून तळघरासारख्या गाभाऱ्यात जायचं. छत इतकं खाली की धड उभं राहता येत नाही. बसायचं, वाकायचं, पिंडीला हात लावायचा, आणि मागच्याला जागा करून द्यायची. कलेक्टर असो की ऊसतोड करून परतलेला माणूस, सगळ्यांना तिथे त्याच उंचीचं व्हावं लागतं.

आता व्यवहाराचं सांगते. पायऱ्या ओल्या असतात, पाण्याने आणि बेलाच्या पानांनी निसरड्या झालेल्या असतात. पर्स, मोबाईल, पूजेचं ताट असं सगळं हातात घेऊन उतरू नका. बरोबरच्या कुणाकडे तरी द्या. साडीचा पदर खोचून घ्या. पाठ पुढे करून, म्हणजे शिडीवरून उतरतात तसं उतरलं तर गुडघ्यावर ताण कमी येतो. हे मला गावातल्याच एका मावशींनी शिकवलं. खाली हवा कोंदट असते. ज्यांना दमा आहे, रक्तदाबाचा त्रास आहे, किंवा बंद जागेत घाबरायला होतं, त्यांनी गर्दीच्या दिवशी उतरायचा हट्ट धरू नये. लहान मुलाला कडेवर घेऊन उतरणाऱ्या बाया मी पाहते, तेव्हा माझा जीव वरखाली होतो. मूल वर कुणाजवळ ठेवा आणि आळीपाळीने जा.

माझ्या आत्यांचे गुडघे गेली काही वर्षं साथ देत नाहीत. त्या सभामंडपात खांबाला टेकून बसतात. पहिल्या वेळी मी हळहळले तर म्हणाल्या, “अगं, मी नाही गेले तर तो काय रुसणार हाय? तू जा, माझा नमस्कार सांग.” खांबांवरचं कोरीवकाम खाली बसून जेवढं दिसतं तेवढं उभ्याने दिसत नाही, हे मला त्यांच्याजवळ बसल्यावर कळलं. आता दर्शन झालं की मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसते.

३. देवळाच्या मागे जा. जमलं तर तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबा.

शंकराच्या देवळात नंदी पिंडीसमोर असतो, ही आपली लहानपणापासूनची ओळख. औंढ्याला गाभाऱ्यासमोर नंदी शोधाल तर सापडणार नाही. तो देवळाच्या मागच्या बाजूला वेगळ्या जागी बसला आहे. का, ते जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

नामदेव महाराज संतमंडळींबरोबर तीर्थयात्रेत इथे आले. देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. तिथल्या पूजाऱ्यांना ते खपलं नाही. शिंप्याचं पोर, देवाच्या दारात गर्दी जमवतंय, पूजेला अडथळा होतो, जा मागे. नामदेव काही न बोलता मागे गेले आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी कीर्तन सुरू केलं. आणि देऊळ फिरलं. दार जिकडे नामदेव होते तिकडे वळलं. नंदी मात्र होता तिथेच राहिला, म्हणून तो आज मागे दिसतो.

सहलीच्या प्रत्येक खेपेला एखादं तरी मूल विचारतंच, “बाई, देऊळ खरंच फिरलं का हो?” मी त्यांना आधी दगड दाखवते. खाचेत बसलेले एवढे थर, एवढा भार. हे फिरत नसतं, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मग विचारते, की दोन माणसांचं भांडण झालं, एकाला मागे हाकललं, तर त्या भांडणाची गोष्ट पुढे कोण सांगतो? मुलं म्हणतात, जिंकलेला. मी म्हणते, मग बघा. पूजाऱ्यांचं नावसुद्धा उरलेलं नाही. सातशे वर्षं लोकांनी गोष्ट सांगितली ती मागे हाकललेल्याची, आणि त्यात देवाला त्याच्याकडे तोंड करायला लावलं. आमच्या भागातल्या आया-बायांनी, वारकऱ्यांनी, गावोगावच्या कीर्तनकारांनी घेतलेली ही बाजू आहे. दगड फिरवणं सोपं असेल एक वेळ, पण एवढ्या लोकांना एका बाजूने उभं करणं फार अवघड.

शीख परंपरेतही हीच गोष्ट नामदेवांच्या नावाने सांगितली जाते. म्हणजे औंढ्याच्या मागच्या अंगणातली ही हकीकत पंजाबातल्या लेकराला माहीत आहे.

माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणारी, उशिरा दाखला झालेली, आईबाप कारखान्याच्या फडावर असल्याने अर्धं वर्ष शाळा बुडणारी मुलं आहेत. ही गोष्ट ऐकताना त्यांचे चेहरे मी बघते. दुसऱ्या कुठल्याही धड्याला ती अशी ऐकत नाहीत. म्हणून मला वाटतं, औंढ्याला येऊन जो मागे गेला नाही त्याची यात्रा पुरी झाली नाही. पुढची बाजू देवाची आणि पूजेची. मागची बाजू आपली आहे.

४. विसोबांची आठवण गाभाऱ्यात करा.

नामदेवांची औंढ्याशी आणखी एक गाठ आहे, आणि ती मला फिरलेल्या देवळापेक्षाही खोल वाटते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं हातात घेऊन सगळ्यांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. विठ्ठलाशी रोज बोलणारा मी कच्चा कसा, म्हणून नामदेव दुखावले. तेव्हा त्यांना गुरूकडे जायला सांगितलं गेलं. ते गुरू विसोबा खेचर. नामदेव औंढ्याच्या देवळात आले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा झालो, पाय उचलवत नाहीत. जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिकडे ठेवतील तिकडे पिंड.

एवढ्या मोठ्या देवळात ही गोष्ट घडली असं लोक सांगतात आणि त्याच देवळात रांगा लावतात, यात मला कुठलीही विसंगती दिसत नाही. देव सगळीकडे आहे हे नामदेवांना कळलं ते एका ठरावीक जागी येऊनच. घरी बसून कळलं नसतं. प्रवास करायला हवा, वाकायला हवं, कुणाचे तरी पाय हातात घ्यायला हवेत. हे विसोबा एके काळी ज्ञानदेवादी भावंडांचे कट्टर विरोधक होते, हेही मी मुलांना सांगते. छळणारा माणूस बदलतो आणि पुढे दुसऱ्याचा गुरू होतो. पाठ्यपुस्तकात याला जागा मिळायला हवी.

५. औंढ्याहून परस्पर घरी जाऊ नका, नरसीला जा.

नरसी नामदेव हे गाव हिंगोलीजवळ, कयाधू नदीच्या काठी आहे. नामदेवांचा जन्म १२७०चा. आमच्या जिल्ह्याची श्रद्धा आहे की तो इथे झाला. पंढरपूरकरांचंही म्हणणं आहे, आणि त्यावर अभ्यासकांनी भरपूर लिहिलं आहे. मला त्या वादात पडायचं नाही. आषाढी वारीहून परतलेले लोक वद्य एकादशीला नरसीला येतात, त्या दिवशी इथे या. परतवारी म्हणतात तिला. पंढरपूरचा चिखल पायावर वाळलेला, डोक्यावर तुळस, आणि नामदेवाला भेटल्याशिवाय वारी पुरी होत नाही हा मनाचा कौल. हिंगोली, परभणी, नांदेड, वाशीम, यवतमाळकडचे लोक असतात. ही गर्दी औंढ्याच्या गर्दीपेक्षा वेगळी असते. मागणं मागायला आलेली माणसं कमी, भेटायला आलेली जास्त.

नरसीत गुरुद्वाराही आहे. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी पंजाबात काढला, आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी त्यांचं मोठं स्थान आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, अध्यक्ष सदानंद मोरे होते. तेव्हा आमच्या भागातूनही माणसं गेली. परत आल्यावर एक काका सांगत होते, “तिकडं बाबा नामदेव म्हणतात बरं का. आपल्यापेक्षा जास्ती मान हाय.” त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि थोडी खंतही.

१३५० साली नामदेवांनी देह ठेवला तो पंढरपूरच्या महाद्वारात, पहिल्या पायरीशी. आत जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून. औंढ्याला मागे जाऊन उभा राहिलेला माणूस शेवटी पायरीत जाऊन राहतो. एकाच दिवसात औंढा आणि नरसी केलं की ही रेघ नीट दिसते.

६. ‘खरं ज्योतिर्लिंग कुठलं’ यावर भांडू नका.

गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर, उत्तराखंडात जागेश्वर आणि आपलं औंढा, तिघांचाही दावा आहे. पुराणातलं दारुकावन नेमकं कुठलं यावर हा वाद उभा आहे. आपल्याकडची मंडळी पांडवांचा दाखला देतात. वनवासात भीमाने पाहिलं की गाई नदीत जाऊन आपोआप पान्हा सोडतात, पाण्याखाली पिंड सापडली, धर्मराजाने देऊळ बांधलं. पाहुणा हमखास विचारतो, “पण ओरिजिनल कोणतं?” मी त्याला बाहेरच्या भिंतीपाशी नेते. यादवांच्या कारागिरांनी हा दगड कोरताना बाराच्या यादीत नंबर लागेल का याची फिकीर केली असेल असं वाटत नाही.

७. एसटीने जाऊन बघा.

गाडीने गेलात तर गाडीतलीच माणसं बरोबर राहतात. एसटीत जिल्हा भेटतो. वसमतहून हळदीची पट्टी घेऊन निघालेला शेतकरी, कळमनुरीच्या बाजाराला चाललेल्या बाया, औंढ्याच्या कॉलेजची मुलं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी मला वर्तमानपत्राआधी एसटीत कळली.

ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांपुढच्या लोकांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. आपल्याकडच्या देवळांत यामुळे जेवढा बदल झाला तेवढा रस्ते झाल्यानेही झाला नसेल. पूर्वी म्हातारीला कुठे जायचं तर पोराला विचारावं लागायचं, सुनेला पटावं लागायचं, भाड्याचे पैसे कुणाकडून तरी घ्यावे लागायचे. आता चारचौघी मिळून निघतात. एकदा श्रावणात माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. विचारलं, घरी सांगून आलात ना? हसल्या. “सांगितलं की. इचारलं नाही.” पदरात बांधलेली भाकरी आणि ठेचा त्यांनी मलाही दिला. देवळातल्या दोन जुन्या पाणवठ्यांपैकी एकाला सासू-सुनेची बारव म्हणतात, ती मला त्याच आजींनी दाखवली, आणि सासवा-सुनांवर एक लांबलचक गोष्टही सांगितली, जी इथे लिहिता येणार नाही.

८. दगडाला दगडासारखं जपा.

मूर्तींना तेल लावू नका, कुंकू फासू नका, बेलाच्या काड्या त्यांच्या हातात खोचू नका, उदबत्ती दगडाच्या सांध्यात रोवू नका. तेलावर धूळ बसते, ती घट्ट होते, आणि मग ती काढताना नक्षीही झिजते. नाव कोरणाऱ्यांबद्दल काय बोलावं! एका सहलीत आठवीच्या मुलीने अशा कोरलेल्या नावांची वहीत यादी केली आणि मला विचारलं, “बाई, ज्याने हत्ती कोरला त्याने नाव का नाही टाकलं?” मी त्यावर काही बोलले नाही. वर्गाला बोलू दिलं. चर्चा परतीच्या प्रवासभर चालली होती.

९. देवळातून बाहेर पडलात की टेकड्यांकडे बघा.

औंढ्याच्या भोवती सीताफळ, पळस, सागाच्या बुटक्या टेकड्या आहेत. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा आणि पाऊस नुकता थांबलेला असतो तेव्हा फार सुंदर दिसतात. याच परिसरात, दुधाळा गावाजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी. २०१५ साली अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेली लहर पहिल्यांदा पकडली. त्यानंतर २०१६च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपयांचा पूर्ण प्रकल्प मंजूर झाला. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. त्यातून लेसरचा किरण जाऊन परत येतो, आणि अवकाश कणभर ताणलं गेलं तरी ते कळतं. अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी लहान फरक.

त्यासाठी लागते शांत जमीन. समुद्राच्या लाटांपासून दूर, मोठ्या शहरांच्या आणि कारखान्यांच्या हादऱ्यांपासून दूर. म्हणजे इतकी वर्षं ज्या गोष्टींसाठी आमच्या जिल्ह्याला मागास म्हटलं गेलं, कारखाने नाहीत, वर्दळ नाही, त्याच कारणाने जगातले शास्त्रज्ञ इथे आले. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा लहान जिल्हा. मुलांना मी टेकडीकडे बोट करून सांगते तेव्हा त्यांना आधी खरं वाटत नाही. कातळ तोच आहे. त्यात एकदा हत्ती कोरले गेले. आता त्याच्या स्थिरतेवर अब्जावधी वर्षांपूर्वीचा कंप मोजायचा आहे. माझ्या वर्गातलं कुणीतरी तिथे कामाला लागावं, आणि पहारेकरी म्हणून नव्हे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यासाठी आत्तापासून गणिताचे जादा तास घेते आहे.

१०. आल्यावर लिहून काढा.

७व्या शतकात चीनहून ह्युएन त्संग नावाचा भिक्षू वाळवंट, बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आला आणि पुलकेशीच्या राज्यात महाराष्ट्रातही फिरला. इथली माणसं कशी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, हे त्याने टिपून ठेवलं. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन केलं. त्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, हेही लिहिलं. ते अजिंठा असावं असं अभ्यासक मानतात. १९व्या शतकात लेणी पुन्हा जगासमोर आली तेव्हा हे जुनं टिपण कामाला आलं. त्याने पाहिलं आणि लिहिलं नसतं तर तेवढा दुवा आपल्या हाती आला नसता.

माझ्या शाळेतली मुलं औंढ्याहून आली की दुसऱ्या दिवशी वही उघडतात. चित्र काढायचं, नसेल येत तर शब्दांत सांगायचं. काय तुटलं आहे, कुठे पाणी मुरतं आहे, कुठल्या मूर्तीला गावातली बाई काय नावाने ओळखते. हे शेवटचं फार मोलाचं असतं, कारण ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. वह्या मी शाळेच्या कपाटात वर्षवार ठेवल्या आहेत. जुनी वही काढून नव्या मुलांना दिली की ती ताडून बघतात, मागच्या खेपेला होतं ते आज आहे का.

महाशिवरात्रीची जत्रा आणि त्यानंतरचा रथोत्सव असताना मुलांना घेऊन जात नाही. तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, भिंत दिसतच नाही. दसरा झाला, की कार्तिक-मार्गशीर्षातल्या एखाद्या साध्या बुधवारी-गुरुवारी जातो, पहिल्या एसटीने. यंदा सातवीला मागच्या भिंतीचे हत्ती दिले आहेत. दोन गट एकाच रांगेतले मोजतात आणि दोघांचा आकडा वेगळा येतो, कारण एका कोपऱ्यातला हत्ती इतका झिजला आहे की तो धरायचा की नाही यावर एकमत होत नाही. पुढच्या खेपेला दोरी आणि मोजपट्टी घेऊन जायचं ठरलं आहे.